‘कर’ : एका प्रत्ययाचे मूळ आणि आपली आडनावे

आपल्या मंडळाच्या सभासदसूचीवर कोणी सहज नजर फिरविली, तरी एक गोष्ट ध्यानी आल्यावाचून राहणार नाही. सूचीतील कितीतरी आडनावांच्या शेवटी ‘कर’ ही दोन अक्षरे आहेत. केडगावकर, पाटसकर, शिरूरकर, यवतकर अशी नावे आपण रोज उच्चारतो, पत्रिकांवर छापतो, मुलांच्या दाखल्यांवर लिहितो. परंतु ही दोन अक्षरे आली कोठून, ती मूळ कोणत्या अर्थाची, आणि ती आपल्या घराण्याविषयी नेमके काय सांगतात, याचा विचार क्वचितच होतो. विचार न झाल्यामुळे काही गैरसमज मात्र दृढ झाले आहेत. सोयरीक जुळविताना ‘आडनाव एकच, म्हणजे भाऊबंद’ असे म्हणून बोलणे थांबते. उलट आडनावे निराळी दिसली की कूळ पाहण्याची तसदी घेतली जात नाही. तेव्हा या प्रत्ययाची हकीकत समजून घेणे ही केवळ व्याकरणाची हौस नव्हे. आपल्या घरगुती व्यवहाराशी तिचा निकट संबंध आहे.

प्रत्ययाचे मूळ

संस्कृतात ‘कृ’ म्हणजे करणे हा धातू आहे. त्यापासून ‘कर’ आणि ‘कार’ अशी दोन रूपे सिद्ध होतात व ती नामांच्या शेवटी लागतात. दिवस करणारा तो दिनकर, प्रभा करणारा तो प्रभाकर; ग्रंथ करणारा तो ग्रंथकार, चित्र काढणारा तो चित्रकार. या प्रत्ययाने धंद्यांची नावे फार प्राचीन काळी घडविली. कुंभकार, लोहकार, सुवर्णकार, चर्मकार, कांस्यकार हे संस्कृत शब्द प्राकृताच्या मुशीतून जाताना झिजले, दोन स्वरांमधील ‘क’ लोप पावला, आणि त्यांचे कुंभार, लोहार, सोनार, चांभार, कासार झाले. या शब्दांतील शेवटचा ‘आर’ हा जुन्या ‘कार’ प्रत्ययाचाच अवशेष होय. ‘सुतार’ हा शब्द वरकरणी याच पंक्तीतला वाटतो. परंतु त्याचे मूळ ‘सूत्रधार’ असून तेथे ‘कार’ नव्हे तर ‘धार’ आहे. शब्दाच्या शेवटावरून त्याचे गोत्र ठरविण्याची घाई करू नये, हा धडा येथेच मिळतो, आणि तो पुढे आडनावांच्या बाबतीतही उपयोगी पडणारा आहे.

आता प्रश्न असा की, कुंभाराच्या शब्दातला ‘क’ गेला, मग केडगावकराच्या नावातला ‘क’ शाबूत कसा राहिला? याचे उत्तर काळाच्या क्रमात आहे. कुंभार हा शब्द प्राकृत काळाच्या आधी जोडलेला आणि त्या काळातून झिजत आलेला आहे. गावाच्या नावास ‘कर’ लावण्याची रीत त्यानंतरची. मराठीत गावांची नावे घडून स्थिर झाल्यावर त्यांस हा प्रत्यय जोडला गेला, म्हणून तो अखंड राहिला. काही अभ्यासक या ‘कर’चा संबंध ‘करणारा’ या अर्थाशी न जोडता प्राकृतातील ‘केर’ या संबंधदर्शक प्रत्ययाशी जोडतात. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्राने ‘अम्हकेर’, ‘तुम्हकेर’ म्हणजे आमचा, तुमचा अशी रूपे नोंदविली आहेत. या मताप्रमाणे केडगावकर म्हणजे केडगावचा. पहिल्या मताप्रमाणे तो गावाचा व्यवहार करणारा, गाव चालविणारा. दोन्ही वाटा अखेरीस एकाच ठिकाणी येऊन मिळतात : माणूस आणि गाव यांचे नाते सांगणे हे या प्रत्ययाचे काम होय.

मराठीने याच धातूपासून आणखीही रूपे काढली. शेत करतो तो शेतकरी, वारी करतो तो वारकरी, पहारा करतो तो पहारेकरी, टाळ वाजवितो तो टाळकरी. यात्रेकरू आणि भाडेकरू यांत तोच प्रत्यय ‘करू’ झाला. खोडकर व खेळकर यांत तो स्वभाव दाखवितो. ‘गावकरी’ आणि ‘गावकर’ या दोन शब्दांत अंतर एका अक्षराचे, परंतु पहिला शब्द गावात राहणाऱ्या सर्वांना लागतो आणि दुसरा आडनाव होऊन एका घराण्यापुरता उरतो.

शेजारच्या भाषांत

हा प्रत्यय मराठीचा एकटीचा नव्हे. कोंकणीत त्याचा दीर्घ उच्चार अद्याप टिकला आहे. गोव्याचा रहिवासी तो ‘गोंयकार’, आणि गावच्या जमिनीचा सामाईक कारभार पाहणाऱ्या मूळ घराण्यांतील पुरुष तो ‘गांवकार’. पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर १५२६ साली गावांच्या या जुन्या रीतिरिवाजांची जी सनद लिहविली, तीत हाच शब्द त्यांनी आपल्या उच्चाराप्रमाणे उचलला. एका देशी प्रत्ययाने अशा रीतीने युरोपीय राज्यकर्त्यांच्या दप्तरात प्रवेश केला.

दक्षिणेकडे गेल्यास याहून नवल वाटते. कानडी, तमिळ व मलयाळम या निराळ्या कुळातील भाषा. तरी त्यांनी संस्कृतातून ‘कार’ घेऊन आपलासा केला. कानडीत तो ‘गार’ होतो : शिकारी तो ‘बेटेगार’, बोलका तो ‘मातुगार’. तमिळात चाकर तो ‘वेलैक्कारन’, आणि गावचा माणूस तो ‘ऊर्क्कारन’. मलयाळमात आपल्या मुलखाचा माणूस तो ‘नाट्टुकारन’. म्हणजे गावाच्या किंवा मुलखाच्या नावापुढे हा प्रत्यय लावून रहिवासी दाखविण्याची तऱ्हा भीमेच्या काठापासून केरळापर्यंत पसरलेली आहे. फरक इतकाच की, तिकडे तो बोलण्यातला शब्द राहिला आणि आपल्याकडे त्याचे आडनाव झाले.

पश्चिमेकडून आलेल्या फारसी भाषेत याच प्रत्ययाचा सख्खा भाऊ भेटतो. संस्कृत व प्राचीन इराणी या एका घरच्या भाषा असल्यामुळे ‘कृ’ धातूचा भाईबंद फारसीतही आहे. त्यापासून ‘कार’ म्हणजे काम, आणि ‘गर’ व ‘गार’ हे प्रत्यय आले. सरकार, कारीगर, सौदागर, जादूगर, गुन्हेगार हे शब्द त्या वाटेने मराठीत उतरले. ‘कुंभार’ आणि ‘कारीगर’ हे शब्द एकमेकांस ओळखत नाहीत. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. त्याचप्रमाणे इनामदार, सुभेदार, किल्लेदार यांतील ‘दार’ म्हणजे धारण करणारा. तो सूत्रधारातील ‘धार’चा भाऊ. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यावरून चिटणीस, फडणीस, पोतनीस. आणि मशालची, बावर्ची यांतील ‘ची’ तर तुर्की भाषेतून फारसीमार्फत आलेला. मराठी आडनावांची यादी ही अशा रीतीने कितीतरी भाषांची धर्मशाळाच आहे.

मनुष्य कोठला, हे सांगण्याची गरज सर्वच समाजांना पडते. साधने मात्र निराळी. उर्दू कवी गावाच्या नावास ‘ई’ किंवा ‘वी’ लावून लुधियानवी, मुरादाबादी होतात. पंजाबात अहलू गावचे ते अहलुवालिया. अठराव्या शतकातील शीख सरदार जस्सासिंग अहलुवालिया हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील सारस्वतांत प्रत्यय न लावता गावाचेच नाव आडनाव म्हणून धारण करतात. कर्नाड, कैकिणी ही तशी नावे होत. सिंध्यांचा ‘आणी’ मात्र गाव सांगत नाही, तो पूर्वजाचे नाव सांगतो. इंग्रजांच्या जॉन्सन, विल्सन यांतील ‘सन’ही तसाच. बंगालात ‘कर’ हे स्वतंत्र व संपूर्ण आडनाव आहे. कलकत्त्याच्या प्रसिद्ध वैद्यकीय महाविद्यालयास ज्यांचे नाव आहे ते डॉक्टर राधागोविंद कर त्या नावाचे. त्याच बंगालात सखाराम गणेश देऊस्कर (१८६९–१९१२) यांनी १९०४ साली बंगालीत ‘देशेर कथा’ हा गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यांची लेखणी बंगाली झाली, परंतु नावाच्या शेवटचे ‘कर’ कोकणातल्या देऊस गावाची आठवण देत राहिले. अक्षरे तीच, अर्थ निराळे. एकाच प्रांतात दोन्ही नांदले.

केडगाव आणि ‘कर’

आपल्या परिसराकडे वळू. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव हे गाव साऱ्या महाराष्ट्रात, किंबहुना महाराष्ट्राबाहेरही, दोन नावांमुळे ठाऊक झाले. पहिले नाव पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२). त्यांनी १८८९ साली मुंबईस काढलेले शारदासदन पुढे पुण्यास आले, आणि दुष्काळाच्या त्या कठीण वर्षांत केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्यांच्या पश्चात १९२४ साली केडगावीच छापून पुरे झाले. दुसरे नाव बेटावर दत्तमंदिर उभारणाऱ्या नारायण महाराजांचे (१८८५–१९४५).

या दोन्ही व्यक्ती जन्माने आजच्या कर्नाटकातील. दोघांनीही केडगाव ही आपली कर्मभूमी केली. परंतु नारायण महाराजांस लोक ‘केडगावकर’ म्हणू लागले, आणि रमाबाई मात्र कधी ‘केडगावकर’ झाल्या नाहीत. त्या पंडिताच राहिल्या. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, ‘कर’ लागण्यास त्या गावी जन्म व्हावा लागत नाही. दुसरी, हा प्रत्यय मनुष्य स्वतः लावून घेतो त्यापेक्षा लोक त्याला लावतात, आणि लोकांच्या मनात त्याची जी ओळख असेल तिच्याप्रमाणे लावतात.

रमाबाईंच्या भाषांतराचा उल्लेख आला आहे, तेव्हा एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. बायबलाच्या उत्तरार्धात निरनिराळ्या नगरांतील मंडळींस लिहिलेली पत्रे आहेत. रूढ मराठी बायबलात त्यांची शीर्षके ‘रोमकरांस’, ‘करिंथकरांस’, ‘इफिसकरांस’ अशी दिलेली आढळतात. दोन सहस्र वर्षांपूर्वीचे रोमचे व करिंथचे नागरिक मराठीत येताच पुणेकर–सातारकरांच्या पंक्तीस येऊन बसले! परक्या नगरातील अनोळखी मनुष्यास आपल्या भाषेत जागा द्यावयाची, तर मराठीस या दोन अक्षरांहून सोपे साधन सापडले नाही.

गाव सोडल्यावर मिळणारे नाव

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. केडगावात राहणाऱ्यास केडगावात कोणी केडगावकर म्हणत नाही. तेथे सगळेच केडगावचे. त्या नावाने एकास दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. तेथे मनुष्य ओळखला जातो तो कुळाच्या नावाने, वतनाने, धंद्याने, वाड्याच्या किंवा मळ्याच्या नावाने. तोच मनुष्य पोटासाठी पुण्यास किंवा मुंबईस गेला, की तेथले लोक विचारतात, ‘कोठले हो तुम्ही?’ आणि मिळालेल्या उत्तरास दोन अक्षरे जोडून त्याचे नाव तयार होते. म्हणजे ‘कर’ हे गावात राहिल्याचे नव्हे, तर गाव सोडल्याचे चिन्ह होय. ज्या घराण्याच्या नावात ‘कर’ आहे, त्याच्या इतिहासात केव्हा तरी एक स्थलांतर आहे, असे समजण्यास हरकत नाही.

इतिहासातील मोठी घराणीही यास अपवाद नाहीत. नीरेच्या काठच्या होळ गावावरून होळकर. मल्हारराव (१६९३–१७६६) माळव्यात गेले, इंदूरचे अधिपती झाले, परंतु त्यांचे राज्य त्या लहानशा गावाच्या नावानेच प्रसिद्धीस आले. फलटणचे नाईक निंबाळकर हे मूळचे पवार; निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले, असे परंपरा सांगते. नागपूरकर भोसल्यांस आरंभी हिंगणीकर म्हणत. हिंगणी गाव मागे पडले, नागपूर पुढे आले, आणि ‘कर’च्या आधीचे नाव बदलले. भोसले हे कूळ मात्र दोन्ही वेळी तेच. जाधवांतील एक शाखा सिंदखेडकर म्हणविते, ती जाधवपण सोडून नव्हे, तर इतर जाधवांपासून निराळी ओळख पटावी म्हणून.

पुढच्या काळातही हेच दिसते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर (१८८८–१९५६) यांचा जन्म बडोद्याचा व पुढचे बरेचसे आयुष्य अहमदाबादेत गेले. नावातले गाव मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे. मध्य प्रदेशाचे १९५७ ते १९६५ या काळातील राज्यपाल हरि विनायक पाटसकर (१८९२–१९७०) जन्मले इंदापुरास. नावात आपल्या शेजारचे पाटस. गायिका हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) जन्मल्या मिरजेस. मास्तर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) यांनी तर गोव्यातील मंगेशी या गावावरून हे आडनाव स्वतः निवडून घेतले. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे कुळाचे नाव सकपाळ, आणि गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. या उदाहरणांत जन्मस्थान, वास्तव्याचे ठिकाण आणि नावातले गाव ही तिन्ही क्वचितच एक आढळतात.

‘कर’ ज्ञाती सांगत नाही

वरील नावे मुद्दाम निरनिराळ्या समाजांतून घेतली आहेत. एखाद्या ज्ञातीच्या स्मरणिकेत हे सांगणे काहींना विपरीत वाटेल. परंतु जे आहे ते स्पष्ट सांगितलेले बरे. ‘कर’ हा प्रत्यय कोणा एका ज्ञातीची मिरास नाही. ब्राह्मण, मराठा, धनगर, महार, सारस्वत आणि इतर अनेक समाजांत तो आहे. कोकणी मुसलमान घराण्यांत तो आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल म्हणजे यहुदी समाजात तर त्याचा फार प्रसार आहे. किहीमचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, नवगावचे ते नवगावकर. त्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहीमकर हे याच परंपरेतले. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबे इस्रायलात स्थायिक झाली. तेथेही काही घराण्यांच्या नावांत अलिबाग–पेणच्या पट्ट्यातली गावे अजून उच्चारली जातात.

याचा अर्थ उघड आहे. एकाच गावातून निरनिराळ्या समाजांची माणसे बाहेर पडली. प्रत्येकास लोकांनी त्या गावाचे नाव दिले. गावाने हे नाव देताना कोणाची ज्ञाती विचारली नाही. तेव्हा एखादे ‘कर’ ऐकून समोरच्याची ज्ञाती ओळखण्याचा आव आणणे हे जसे व्यर्थ, तसेच ‘हे आडनाव आमचेच’ असा अभिमान बाळगणेही व्यर्थ होय. ते नाव गावाचे आहे. आपण सर्व त्याचे भागीदार आहोत.

सोयरिकीतील घोटाळे

यातून सोयरिकीविषयी जो निष्कर्ष निघतो, तो आपल्या मंडळाच्या वधूवरसूचक कामास उपयोगी आहे. एकाच गावावरून दोन घराण्यांस एकच नाव पडले, तर त्यांचे रक्ताचे नाते असेलच असे नाही. आणखी गुंतागुंत अशी की, एका नावाची गावेही अनेक असतात. एक केडगाव आपल्या दौंड तालुक्यात, दुसरे अहिल्यानगर शहराला लागून, रेणुकामातेच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले. एकाचे केडगावकर दुसऱ्याच्या केडगावकरांस कोणीही लागत नाहीत. शिरूरची गोष्ट याहून बिकट. भीमेपलीकडचे आपले शिरूर घोडनदीच्या नावाने ओळखले जाते. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहे. या प्रत्येक गावचा मनुष्य बाहेर पडल्यावर ‘शिरूरकर’च होणार. गावाच्या नावापुढचे हे विशेषण, किंवा बुद्रुक आणि खुर्द हा भेद, आडनाव होताना गळून पडतो, आणि नातवाच्या पिढीस कोणते शिरूर हे सांगता येत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. दोन सख्खे भाऊ दोन गावी गेले आणि त्यांच्या वंशजांस दोन निरनिराळ्या गावांची नावे पडली, तर आडनावे भिन्न असूनही ती भावकीच होय. हिंगणीकर आणि नागपूरकर ही दोन नावे ऐकणाऱ्यास दोन कुळे वाटली असती. म्हणून आडनाव एक यावरून स्थळ नाकारणे आणि आडनाव भिन्न यावरून निर्धास्त होणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अपुऱ्या विचाराच्या आहेत. पाहावयाचे ते मूळ कूळ, देवक, कुलदैवत आणि नेमके गाव. नुसत्या ‘कर’वर भिस्त ठेवल्यामुळे चांगली स्थळे हातची गेली, तर तो दोष प्रत्ययाचा नव्हे, आपल्या वाचनाचा.

बुडालेली गावे आणि माहेरची गावे

गावाची नोंद नीट ठेवण्यास आणखी एक कारण आहे. गाव कायमचे असते अशी आपली समजूत. पण भीमाकाठच्या लोकांस तिचा फोलपणा सांगावयास नको. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, आणि इंदापूर, दौंड व करमाळा या तालुक्यांतील काठची कित्येक गावठाणे पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेव गावचे प्राचीन मंदिर पाणी फार ओसरले म्हणजे उन्हाळ्यात उघडे पडते आणि पावसाळ्यानंतर पुन्हा जलाशयात नाहीसे होते. माणसे नव्या गावठाणात वसली, पुष्कळजण शहरांत गेले. अशा वेळी जुन्या गावाचे वेस, पार, वाडे यांपैकी काही उरत नाही. उरते ते कोणाच्या आडनावातले त्याचे नाव. ‘कर’ हा तेव्हा पत्ता राहत नाही, ती स्मृती होते. ज्या कुटुंबांपाशी अशी स्मृती आहे, त्यांनी तिचा तपशील लिहून ठेवला नाही, तर ती दुसऱ्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

दुसरी उणीव याहूनही जुनी आहे आणि ती धरणाने केलेली नाही, आपणच केलेली आहे. स्त्रीचे आडनाव विवाहानंतर बदलते. तिच्या नावातले गाव सासरचे होते. अहिल्याबाईंचे (१७२५–१७९५) उदाहरण घ्या. त्यांचा जन्म चौंडी या गावचा, शिंद्यांच्या घरातला. जगात त्या अहिल्याबाई होळकर म्हणून वंदनीय झाल्या. त्यांच्या नावातले होळ हे सासरच्यांचे मूळ गाव. जन्मगाव नावात कोठेच नाही. २०२४ साली अहमदनगरास त्यांचे नाव मिळाले, कारण चौंडी त्याच जिल्ह्यात आहे. त्या जन्मगावाचे ऋण शासनाने अशा रीतीने जाहीरपणे मानले. परंतु आपल्या घरांतील आज्या–पणज्यांची माहेरची गावे कोण मानणार? बहुतेक वंशावळींत पुरुषांच्या सात–आठ पिढ्या ओळीने लिहिलेल्या असतात आणि त्यांच्या पत्नींची नावे ‘सौभाग्यवती’ या एका शब्दात आटोपलेली असतात. त्या कोठून आल्या, कोणत्या कुळाच्या, हे लोपले की आपल्या अर्ध्या इतिहासाचा आधार गेला. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने आवश्यक केले आहे. आपल्या कुलवृत्तांतांनीही या बाबतीत मागे राहू नये.

आपण काय करावे

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे जमविली, तशीच गावांच्या व माणसांच्या नावांकडेही इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रास दिली. तेवढे परिश्रम आपल्यापैकी प्रत्येकास साधणार नाहीत. परंतु स्वतःच्या घरापुरती नोंद करणे कोणासही अशक्य नाही. मंडळाच्या सभासदपत्रिकेत आज केवळ आडनाव व पत्ता लिहिला जातो. त्यात चार रकाने वाढवावेत, अशी नम्र सूचना आहे : पहिला, कुळाचे मूळ नाव, दुसरा, आडनावातले गाव, तालुका व जिल्ह्यासह, बुद्रुक–खुर्द इत्यादी विशेषण न गाळता, तिसरा, कुलदैवत व देवक, आणि चौथा, घरातील प्रत्येक विवाहित स्त्रीचे माहेरचे कूळ व गाव. ज्यांच्या घरी ऐंशी–नव्वदीच्या पुढची माणसे आहेत, त्यांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावे. गाव कधी सोडले, दुष्काळाने की नोकरीने, कोण प्रथम निघाला, वाटेत कोणाच्या घरी उतरला, या गोष्टी त्यांना अद्याप सांगता येतील.

वतने गेली, बैलगाड्या गेल्या, मौजे–कसबे–तर्फ हे शब्द व्यवहारातून बहुतेक नाहीसे झाले. ज्या गावास आपण पिढ्यान्‌पिढ्या पाऊल लावले नाही, त्याचे नाव मात्र रोज सहीच्या वेळी आपल्या हातून लिहिले जाते. ते नाव कोणाहून श्रेष्ठत्व दाखविण्यासाठी आपल्याला मिळालेले नाही, आणि कोणाशी नाते नाकारण्यासाठीही नाही. आपण कोठून निघालो एवढेच ते सांगते. निदान तेवढे तरी आपल्या मुलाबाळांस बिनचूक सांगता यावे, इतकी सोय आपल्या पिढीने करून ठेवावी.